बारा पिवळ्या पट्ट्या

मुलींचे वसतिगृह
३ जुलै

मामा,

फोन वसतिगृहाच्या बाईंच्या कपाटात कुलपात आहे, निकाल लागेपर्यंत तिथेच राहणार. म्हणून हे पत्र. अक्षराला हसू नकोस.

अकरावीत आमचे सगळे प्रयोग फळ्यावरच झाले. यंदा बारावी, म्हणून काल पहिल्यांदा भौतिकच्या प्रयोगशाळेत आत पाऊल टाकलं. आणि समोर काय, तर तू मागच्या वर्षी करून दिलेल्या बारा पिवळ्या मीटरपट्ट्या ओळीने टांगलेल्या! मी शेजारणीला म्हटलं, ‘‘या माझ्या मामाने केल्यात.’’ ती म्हणाली, ‘‘मग वापरायला पण मामालाच बोलाव, आपल्याकडे कोणी हात लावत नाही.’’

खरंच लावत नाहीत. इथे एक जाडजूड वही आहे, तिचं नाव ‘थोरली’. कुठल्या तुकडीने सुरू केली माहीत नाही. प्रत्येक प्रयोगाची रीडिंगं तयार आहेत, दरवर्षी पुढच्या वर्गाकडे जाते. दोरीला गोळी टांगायची, झोके मोजायचे आणि पृथ्वीचं गुरुत्व काढायचं, हा पहिला प्रयोग. बाकीच्या चाळीस जणांनी गोळी टांगली, थोडा वेळ गप्पा मारल्या, थोरलीतून आकडे उतरवले. उत्तर ९.८. शिकवणारे सर सगळ्यालाच ‘‘हम्म’’ म्हणतात, म्हणून त्यांना हम्म सर म्हणतात. त्यांनी ‘‘हम्म’’ म्हणून सह्या केल्या.

मी एकटीने मोजलं. माझं ९.४ आलं. सर म्हणाले, ‘‘हम्म. वही बघ.’’ मी नाही बघितली.

तुला माहीत आहे मला मापयंत्रांच्या संस्थेत जायचंय. तुझ्यासारखं व्हायचंय, पण प्रमाणपत्राच्या कागदासकट. तिथे भौतिक लागतंच. परीक्षेचा फॉर्म पंधरा सप्टेंबरला पक्का होतो, तोवर माझा हात सुधारायला हवा. काय चुकत असेल?

तुझी भिंगरी

---

११ जुलै

भिंगरी,

तुझं पत्र जेवताना वाचलं आणि ताट बाजूला सारलं. चाळीस धडधाकट पोरं, डोळे शाबूत, हात शाबूत, आणि समोर टांगलेली गोळी मोजायची सोडून कोणा मेल्या तुकडीचे आकडे चाटून खातात. याला शिक्षण म्हणायचं? मला शिसारी येते. मी दहावीत शाळा सोडली, त्यानंतर जे शिकलो ते रद्दीतली पुस्तकं आणि बिघडलेली यंत्रं यांच्याकडून. पण न मोजलेला एक आकडा आजवर कागदावर टेकवलेला नाही.

आता तुझ्या हाताचं. लिहून घे. एक, लांबी गोळीच्या मध्यापर्यंत धरायची, तिच्या हुकापर्यंत नाही. दोन, झोका लहान ठेव, चार बोटांहून जास्त नको. तीन, वीस झोके नको, पन्नास मोज. आणि गोळी मधून जाताना घड्याळ दाब, टोकाला नाही. चार, डोळा पट्टीच्या काटकोनात. मान तिरकी करून वाचणाऱ्या माणसाला मी माझ्या कारखान्यात पाणीसुद्धा विचारत नाही. सोबत दोरा पाठवतोय. मेण लावलेला आहे, ताणत नाही.

पट्टीची काळजी नको. शाळेत एकच जुनी पट्टी शाबूत होती, बाकी सगळ्या वाकलेल्या. तिच्या झेरॉक्स काढल्या, तुकड्यांचे सांधे भिंगाखाली जुळवले, नव्या लाकडावर चिकटवले, वर पिवळं व्हार्निश. बाजारातले सुतार आधी मीटरभर लाकूड कापतात आणि मग त्यावर कागद ओढूनताणून बसवतात. ही घाण मी करत नाही. आधी कागद, मग करवत. शंभराच्या रेघेवर, रेघ अर्धी राहील अशी. मग बाराही पट्ट्या एकमेकींना लावून पाहिल्या. केसाचा फरक नव्हता. जुनी शाळेने भंगारात घातली, बरं झालं.

मामा

---

मुलींचे वसतिगृह
२ ऑगस्ट

मामा,

सगळं तू सांगितलंस तसंच केलं. पाच वेळा. मधल्या सुट्टीत प्रयोगशाळेत राहून. शेजारीण म्हणते, ‘‘वेडी आहेस, गोळीशी लग्न लावून टाक.’’ उत्तरं अशी आली: ९.४२, ९.४१, ९.४३, ९.४२, ९.४२. हात थरथरत असता तर आकडे इकडेतिकडे पळाले असते ना? हे तर सगळे एकाच बाकावर बसलेत.

चाचणीत मी ९.४२ लिहिलं. वीसपैकी दोन. दोन कशाचे, तर आकृतीचे.

त्यानंतर मला ‘सल्ल्या’ला बोलावलं. सल्लागार बाई फार गोड बोलतात. टेबलावर काचेची वाटी, त्यात चघळायच्या गोळ्या. एक घे म्हणाल्या. शेजारी उपमुख्याध्यापक. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला पाहिजे यापलीकडे ते काही बोलत नाहीत, म्हणून आमच्यात ते शंभर टक्के सर. म्हणाले, ‘‘भौतिक तुझ्या प्रकृतीला मानवत नाही.’’ जसं काही मला पथ्य सांगताहेत. त्याऐवजी कार्यालय व्यवस्थापन घे म्हणतात. अर्ज छापलेलाच आहे: ‘मी स्वेच्छेने विषय बदलत आहे.’ फक्त नाव आणि सही आपली. गेल्या वर्षी नऊ जणांना अशीच स्वेच्छा झाली होती.

मी विचार करायला वेळ मागितला.

मामा, रागावू नकोस हं. पण पट्टीचंच काही असू शकेल का?

भिंगरी

---

९ ऑगस्ट

भिंगरी,

रागावू नकोस असं लिहून रागवण्यासारखं लिहायचं, हे ताईचं वळण तू बरोबर उचललं आहेस.

आधी त्या दोघांबद्दल. गोळी चघळायला देऊन पोराचा विषय काढून घेणारी माणसं! आपला निकाल स्वच्छ दिसावा म्हणून चालती पोरं केरासारखी दाराबाहेर लोटायची आणि केराकडूनच सही घ्यायची, की मी आपखुशीने जातोय. वाचून तोंड धुवावंसं वाटलं. त्या अर्जाला हात लावू नकोस.

आता पट्टी. मी पंचवीस वर्षं हे काम करतोय. या पंचवीस वर्षांत ज्याचं उत्तर चुकलं त्याने आधी माझ्या यंत्राकडे बोट दाखवलं आणि नंतर मान खाली घातली. प्रत्येक वेळी. घड्याळ उशिरा दाबणारे, गोळीचा मध्य न कळणारे, पन्नास म्हणून एकोणपन्नास मोजणारे. तू त्यांच्यात जाऊन बसलीस याचं मला जास्त लागलं. पोथीतून नक्कल करणारा आळशी असतो. पण आपली चूक हत्यारावर ढकलणारा मला त्याहून किळसवाणा वाटतो. आळशाला निदान माहीत असतं की आपण आळशी आहोत.

पुन्हा मोज. शांतपणे. आणि पट्टीवर पुन्हा बोट ठेवणार असशील तर मला पत्र लिहू नकोस.

मामा

---

मुलींचे वसतिगृह
२७ ऑगस्ट

मामा,

पुन्हा मोजलं. ९.४२.

तुझी पट्टी चुकत नाही, म्हणजे मीच चुकते. आज अर्जावर सही करून दिली. सल्लागार बाईंनी परत गोळी पुढे केली. या वेळी घेतली.

तुझा दोरा परत पाठवते. मला आता लागणार नाही. प्रयोगशाळेतल्या तिसऱ्या नंबरच्या पट्टीवर शून्यापासून शंभरापर्यंत ताठ धरला आणि दोन्ही टोकांना गाठ मारली आहे. गाठी सोडू नकोस.

आईला अजून सांगितलेलं नाही.

भिंगरी

---

३ सप्टेंबर

भिंगरी,

पाकीट आलं तेव्हा मी एका दवाखान्याचा वजनकाटा उघडून बसलो होतो. दोरा टेबलावर टाकला आणि काम करत राहिलो. तासाभराने, गाठी सोडू नकोस असं का लिहिलंस ते डोक्यात खुपायला लागलं. स्टीलची पट्टी काढली. दोरा लावला.

एकशे चार.

मी काय केलं ते लिहितो, कारण लपवलं तर मी आणि ती थोरली वही यांत फरक उरणार नाही. पहिल्यांदा म्हणालो, दोरा ताणला. मग आठवलं की मेण मीच लावलं होतं. मग म्हणालो, पोरीने गाठ चुकीच्या जागी मारली. चार सेंटिमीटर? दोन बोटं? मग पंखा बंद केला आणि पुन्हा मोजलं. एकशे चार. शेवटी कपाट उघडलं. त्या कामातला उरलेला कागदाचा तुकडा गुंडाळी करून ठेवला होता. त्यावरचे पंचवीस सेंटिमीटर माझ्या स्टीलवर सव्वीस भरले.

झेरॉक्सवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘‘कधी कधी आधीचं गिऱ्हाईक मोठं करून घेतं, यंत्र एकशे चारवर राहून जातं. तुम्ही मापून नाही का घेतलं?’’

त्याचं काही चुकलं नाही. मी मापून नाही घेतलं. बारा खोट्या पट्ट्या एकमेकींना लावून त्या खऱ्या आहेत असं ठरवलं. एकीने दुसरीची साक्ष काढली, दुसरीने तिसरीची, आणि मी कौतुकाने व्हार्निश लावत बसलो. आधी लाकूड कापलं असतं तर कागद चार सेंटिमीटर बाहेर आला असता आणि माझे डोळे उघडले असते. पण मी पडलो शहाणा. आधी कागद, मग करवत. खरी, स्टीलची पट्टी त्या वेळी माझ्या डाव्या हाताला, वीतभर अंतरावर पडलेली होती.

आज मला माझ्याच हातांची घाण वाटते. दोन वेळा साबणाने धुतले.

आणि आता याहून घाण गोष्ट. मागच्या वर्षीची बारावीची अख्खी तुकडी याच पट्ट्यांवर ९.८ काढून पास झाली. बाहेरून आलेल्या परीक्षकाने ते तपासलं. याच कागदावरून मी आणखी दोन शाळांच्या पट्ट्या केल्या आहेत. वर्ष झालं, एका मास्तराची, एका पोराची तक्रार नाही. तीन शाळांत मिळून त्या पट्टीने खरोखर काही मोजणारी तू एकटी निघालीस, आणि मी तुला हात सुधारायला सांगत होतो.

तुझ्या शाळेला आज रजिस्टर पत्र टाकलं आहे. चूक माझी, सविस्तर, आकड्यांसकट. त्या दोन शाळांनाही. तुझ्या ९.४२ला एक पूर्णांक चार शतांशाने गुणून बघ. ९.८०.

सही मागे घे. पंधरापर्यंत वेळ आहे.

मामा

---

उपमुख्याध्यापक यांचे कार्यालय
८ सप्टेंबर

महोदय,

आपले दि. ३ चे पत्र मिळाले. त्यातील मजकुराबाबत खालीलप्रमाणे कळविण्यात येते.

सदर मीटरपट्ट्यांची विभागामार्फत पडताळणी करण्यात आली. चालू वर्षी याच पट्ट्या वापरून चाळीस विद्यार्थ्यांना ९.८ हे अचूक उत्तर मिळालेले आहे. गतवर्षी एकोणचाळीस विद्यार्थ्यांना तेच उत्तर मिळाले होते. एकोणऐंशी विद्यार्थ्यांचे उत्तर बरोबर येत असताना पट्ट्या सदोष आहेत, हे म्हणणे ग्राह्य धरता येत नाही. सबब दोष संबंधित विद्यार्थिनीच्या मापनात आहे. तिचा विषयबदलाचा अर्ज तिने स्वेच्छेने दिला असून तो कायम आहे.

तसेच, सदोष पट्ट्या पुरविल्याचे आपण स्वतः लेखी मान्य केल्यामुळे, प्रयोगशाळा दुरुस्तीचे काम यापुढे आपणास देण्यात येणार नाही, याची नोंद घ्यावी.

उपमुख्याध्यापक

---

मुलींचे वसतिगृह
१६ सप्टेंबर

मामा,

परवा तू येऊन गेलास, पण रागात तू निम्मं पाहिलंच नाहीस. म्हणून आईला लिहिलं तसंच तुलाही लिहिते.

प्रयोगाचा तास चालू होता. दारात तू, काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी. तुझ्या मागून शंभर टक्के सर धावत. ‘‘अहो, पाहुण्यांना भेटायची वेळ चारची आहे!’’ तू म्हणालास, ‘‘मी पाहुणा नाही. आरोपी आहे.’’

मग तू स्टीलची पट्टी आणि पिवळी पट्टी शेजारी शेजारी ठेवलीस. दोघींचं शून्य एकत्र. पिवळी दोन बोटं पुढे. सर म्हणाले, ‘‘पावसाळ्यात लाकूड फुगतं.’’ तू म्हणालास, ‘‘आकड्यांसकट?’’ मागच्या बाकावरून कोणीतरी फिसकन हसलं. तू वळून बघितलंस तसं थांबलं.

‘‘हसू नका,’’ तू म्हणालास. ‘‘ही खोटी पट्टी मी केली. तुम्ही तिच्यावर खरं उत्तर कसं काढलंत ते मला सांगा. मी पंचवीस वर्षं यंत्रं दुरुस्त करतोय, मला नाही जमणार.’’

तेव्हा हम्म सर पुढे आले. दोन्ही पट्ट्यांवरून त्यांनी बोट फिरवलं. आणि मामा, मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं पूर्ण वाक्य: ‘‘हिच्यावर नऊ पूर्णांक आठ येऊच शकत नाही.’’ मग त्यांनी कोपऱ्यातल्या वह्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. चाळीस वह्या आणि प्रत्येकीवर त्यांचीच सही. त्यांचा चेहरा तू पाहिला नाहीस. तू शंभर टक्के सरांकडे बघत होतास.

त्या सरांनी काय केलं, तर आधी दार लावून घेतलं. मग मला कार्यालयात नेलं, खणातून माझा अर्ज काढला आणि हातात दिला. ‘‘फाड. विषय इथेच संपला, बाहेर चर्चा नको.’’ मी म्हटलं, ‘‘स्वेच्छेने फाडू?’’ तुझी भाची आहे शेवटी. फाडला. काल फॉर्म पक्का झाला, त्यावर भौतिक आहे. चाचणीचे दोनाचे मात्र अठरा झालेले नाहीत. निकालपत्रक वर गेलं म्हणतात.

आता किळस येईल असं सांगते, पाणी पिऊन घे. हम्म सरांनी काल सगळ्यांना प्रयोग नव्याने करायला लावला, तू ठेवून गेलास त्या स्टीलच्या पट्टीवर. मी पहिली. ९.७९ आलं. दुपारपर्यंत अडतीस जणांचं ९.७९ आलं होतं. सेकंदाच्या दशांशासकट माझेच आकडे. थोरलीत नवं पान चिकटवलंय, वर लिहिलंय ‘सुधारित’.

पण माझी शेजारीण, वेडी म्हणणारी, ती आली आणि म्हणाली, ‘‘तो दोरा कुठे मिळतो?’’ म्हटलं मामाकडे आहे, साधाच घे. तिचं ९.६ आलं. माझी वही उघडी होती, तिने बघितलीही. मग स्वतःच्या वहीत ९.६ लिहिलं, तोंड वाकडं केलं आणि पुन्हा गोळी टांगली.

एक गोष्ट तुझ्यापासून लपवली होती, ती आता सांगते. पट्टी चुकीची आहे हे मला ऑगस्टच्या मध्यालाच कळलं होतं. कंपासपेटीतली पंधराची पट्टी तुझ्या पिवळीवर ठेवली, ती चौदा पूर्णांक चार भरली. पण तू लिहिलं होतंस, बोट ठेवायचं असेल तर पत्र लिहू नकोस. मग मी बोट ठेवलं नाही. गाठ मारली.

सही मात्र खरंच रागाने केली होती. तुझ्यावरच्या.

भिंगरी

---

२२ सप्टेंबर

भिंगरी,

अडतीस जणांचं वाचलं. पाणी पिऊनही उपयोग झाला नाही.

त्या दोन शाळांपैकी एकीचं उत्तर आलं. लिहितात, पट्ट्या उत्तम आहेत, तक्रार नाही, आणखी सहा पाठवा. दुसरीने काहीच कळवलेलं नाही, तिथे उद्या स्वतः जाणार आहे. करवत सोबत नेतोय.

ऑगस्टमध्ये तुला मी जे लिहिलं, ते पत्र तू जपून ठेवलं असशील. ठेव. माझ्या टेबलावर डाव्या हाताला, स्टीलच्या पट्टीशेजारी आता तुझा दोरा टांगला आहे, दोन्ही गाठींसकट. काम हातात घेण्याआधी त्याच्याकडे बघावं लागतं. बरं वाटत नाही. पण बघतो.

सोबत लाकडाची एक पट्टी पाठवतोय, नवी, फक्त तुझी. रेघा एकेक करून स्टीलवरून हाताने मारल्या आहेत, झेरॉक्स नाही. तीन वेळा तपासली. चौथ्यांदा तू तपास, आणि तुझ्या त्या शेजारणीला पाचव्यांदा तपासू दे. फरक निघाला तर कितीचा आणि कुठल्या रेघेपासून, ते स्पष्ट लिहून कळव.

आणि मामाने केली आहे म्हणून न मोजता वापरणार असशील, तर मला पत्र लिहू नकोस.

मामा